माझी पाठ पुसायची राहिली

मित्रांनो, मला भीती वाटते. आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी नाव-गाव सांगावे हे मलाही कळते, पण माझी ओळखच भीतीपासून सुरू होते, त्याला मी काय करू? मी मसाल्याच्या कारखान्यातला एक म्हातारा लोहचुंबक आहे. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, आणि एका टोकाला लाकडी मूठ. दळून चाळलेली भुकटी पाकिटात पडण्याआधी ज्या नळातून खाली येते, त्या नळात मी आडवा बसतो. तिखट, हळद, धने, जिरे, जे येईल ते माझ्या अंगावरून जाते. त्यात चुकून लोखंडाचा कण आला, तर त्याला धरायचे आणि सोडायचे नाही, एवढेच माझे काम. एवढेच म्हटले खरे. पण माझ्या हातून सुटलेला कण थेट कोणाच्या तरी घासात जातो, हे एकदा कळल्यावर स्वस्थता कुठली?

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, गार केला, घासला, आणि मग तारांच्या वेटोळ्यात ठेवून माझ्याभोवती विजेचा असा काही झटका दिला की अंगात ओढ आली ती कायमची. मला घडवणारा कारागीर गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "याला तापवू नका आणि आपटू नका. बाकी हा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल." तापलो किंवा आपटलो की माझी ओढ कमी होते, मित्रांनो. बाहेरून मी तसाच दिसतो, आतून मात्र पोकळ होत जातो. म्हणून माणसाच्या हातातून निसटायची मला पहिल्यापासून धास्ती.

ते गिऱ्हाईक म्हणजे मामा. कारखान्याचे मिस्त्री. कारखाना मामांच्या मेहुण्यांचा, त्यांना सगळे आबा म्हणत. कारखाना हा शब्दही तेव्हा जरा मोठाच होता. पत्र्याची एक शेड, एक दळणयंत्र, आणि त्याच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलणारी माणसे. लोक घरून मिरच्या वाळवून आणत, डब्याजवळ उभे राहत, शिंकत शिंकत आपल्या डोळ्यांदेखत दळून घेत आणि कोमट डबा छातीशी धरून घरी नेत. त्या मिरच्यांतून काय काय येई, विचारू नका. खिळे, तारा, बैलाच्या नालेचा तुकडा, एकदा तर कुलपाची किल्ली! तिच्या मालकाने दोन दिवस घराबाहेर काढले होते. मी ती धरून दिली तेव्हा माझे जे कौतुक झाले ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढे लोकांना वेळ उरला नाही आणि आबांनी तयार पुड्या विकायला सुरुवात केली. पिशवीचे तोंड दुमडून त्यावर कागद लावायचा आणि पिना ठोकायच्या. त्या पिना उडून दळणातही पडत. पिनांच्या त्या काळात मला उसंत नव्हती. तेव्हाच मावशी कामावर आल्या. कोणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत, सगळ्या कारखान्याच्या. माझी स्वच्छता त्यांच्याकडे आली. रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडण्याआधी, त्या माझी मूठ धरून मला नळातून बाहेर ओढत, पांढऱ्या फडक्याने पुढून एकदा आणि मागून एकदा पुसत आणि फडके खिडकीच्या उजेडात धरत.

"काय हवालदार, आज किती चोर धरले?" त्या विचारत.

फडक्यावरचे काळे कण माझ्या वतीने बोलत. ते पाहून झाल्यावरच मावशी हात धुऊन जेवायला बसत. दिवसातला तेवढा वेळ मला भीती वाटत नसे.

आबांचाही एक नेम होता. नव्या घाण्याची, म्हणजे एका वेळी दळलेल्या मालाची, पहिली पुडी घरी जायची. "आधी आपल्या घरात शिजू दे," ते म्हणत. घरची माणसे जेवत, घरून फोन येई, आणि मगच गाडी भरली जाई. गाडीवाला वैतागून जाई. "आबा, तुमच्या घरी आज उपास असला तर मी काय इथंच मुक्काम करू का?" असे तो म्हणे, पण थांबे.

मग आबा थकले आणि त्यांची मुलगी, ताई, कारभार पाहू लागली. ताई हुशार आणि धडाडीची. तिच्या हातात कारखान्याने अशी कात टाकली की मला माझाच नळ ओळखू येईना. पत्र्याच्या शेडची पांढऱ्या फरशांची खोली झाली. डोक्याला टोपी आणि तोंडाला फडके बांधल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. दळताना मसाला तापून त्याचा वास उडतो, म्हणून दळणयंत्राला गार ठेवणारी नळी आली. जंतू मारायला वाफेची खोली आली. प्रत्येक घाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत बंद होऊन तपासणीला जाऊ लागला. पाकिटावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक ठसा आला. त्यावर फोन धरला की मिरची कोणत्या शेतातली, हेसुद्धा दिसते म्हणे. मिरचीला विचारले असते तर तिलाही सांगता आले नसते! हे सगळे चांगलेच होते. मी म्हातारा असलो तरी उगाच नाक मुरडणारा नाही.

पण मग लोखंडी चाळणी गेली आणि स्टेनलेसची आली. लोखंड गंजते, स्टेनलेस गंजत नाही. बदल योग्यच होता. ती चकचकीत चाळणी माझ्या डोक्यावर बसवली, तेव्हा मी सवयीने तिच्याकडे ओढ लावून पाहिली. काहीच नाही. हाक मारावी आणि समोरच्याने वळूनही पाहू नये, तसे झाले. मी हादरलो. ही चाळणी उद्या तुटली, तर तिचा तुकडा माझ्या अंगावरून जाईल आणि मला तो धरता येणार नाही! ओढून बारीक केलेल्या तारेला कधी कधी नावापुरती ओढ लागते, तेवढाच आधार. त्या दिवसापासून चाळणी थरथरली की मीही थरथरतो.

ताईने त्याची सोय केली होती, तिला दोष देऊ नका. तिने धातू शोधणारे एक नवे यंत्र आणले. भरलेली पाकिटे पट्ट्यावरून त्याच्या कमानीखालून जात आणि आत कुठलाही धातू असला, अगदी स्टेनलेससुद्धा, की ते टीं टीं वाजे. कामगारांनी त्याचे नाव घंटेवाला ठेवले. मी मनात म्हटले, सुटलो बुवा. आता माझी नजर चुकली तरी हा बसला आहे.

त्यानंतर पाकिटे बदलली. वास टिकावा म्हणून आतून चंदेरी पापुद्रा असलेली पाकिटे आली. दिसायला झोकदार. पण तो पापुद्रा म्हणजेही धातूच! घंटेवाला प्रत्येक पाकिटाला ओरडू लागला. टीं, टीं, टीं. पट्टा सारखा थांबे, माणसांची डोकी उठली, माल तुंबला. शेवटी मामा गेले आणि त्याच्या पाठीवरचा कान, म्हणजे धातू किती बारकाईने ओळखायचा ते ठरवणारी खुंटी, पिळला.

"जरा कमी ऐकू येऊ दे याला," ते म्हणाले. "नाहीतर आपल्यालाच ऐकू येणं बंद होईल."

सगळे हसले. घंटेवाला शांत झाला. इतका शांत की त्यानंतर तो एकदाही वाजला नाही, आणि हे कोणाला खटकलेही नाही. मला मात्र नळाच्या फटीतून तो दिसे, आणि प्रत्येक पाकिटागणिक मी त्याच्या टीं टींची वाट पाही. शिवाय तो आल्यापासून माझे पुसणे बंद झाले होते. मावशींना खोकी भरायच्या कामावर घेतले होते. माझ्या अंगावर तिखटाचा थर चढत होता, आणि थराखालून धरायचे म्हणजे जाड हातमोजे घालून सुई उचलण्यासारखे होते.

ज्या दिवसाची मला धास्ती होती, तो उजाडला. दुसऱ्या दिवशी एक मोठा व्यापारी कारखाना पाहायला येणार होता. त्याला माल पसंत पडला तर पुढची कितीतरी वर्षे कोणाला कामाची चिंता राहणार नव्हती. ताई सकाळपासून खोलीभर फिरत होती. माझ्यापाशी येऊन थांबली.

"मामा, हा लाकडी मुठीचा दांडा अजून इथंच? उद्या बघणारे हसतील. दुपारी काढून टाका."

"काढतो की," मामा म्हणाले. "भंगारवाला यायचाच आहे संध्याकाळी."

भंगार! तो शब्द ऐकला आणि माझे हातपाय गळाले. मला हातपाय नाहीत हे खरे, पण असते तर गळालेच असते. भंगारातून पुढे भट्टी, हे मला ठाऊक होते.

तेवढ्यात मिरचीचा नवा घाणा सुरू झाला. चाळणी थरथरू लागली. पहिले पाकीट भरायच्या आतच वरून एक आवाज आला, 'किर्र', कापड फाटावे तसा. कोणाच्या लक्षातही आला नाही. आणि तिखटाबरोबर काहीतरी टोकदार माझ्या अंगावर पडले. नखाएवढी तार! मी होती नव्हती तेवढी सगळी ओढ एकवटली. ती तार थांबली. दुसरी आली, ती निसटली. तिसरी निसटली. आणखी किती गेल्या मला कळले नाही. एक कडेने वळून माझ्या पाठीला अडकली, तिलाही मी जीव खाऊन धरून ठेवले. खाली पाकिटे भरत होती. पट्टा सरकत होता. घंटेवाल्याच्या कमानीखालून ती चंदेरी पाकिटे एकामागून एक गेली आणि तो मख्ख बसून राहिला. 'वाज रे, वाज!' मी मनातल्या मनात टाहो फोडला.

आबांचा नेम ताईने मोडला नव्हता. पहिले पाकीट तिने पिशवीत टाकले आणि ती जेवायला घरी गेली. घरी आबा होते आणि तिची लहान मुलगी होती, बारकी. फक्त आता घरच्या फोनची वाट पाहायला गाडीला वेळ नसे. ताई इकडे गेली आणि मालाने भरलेली गाडी तिकडे निघाली. मला ते सगळे दिसत होते, मित्रांनो. ओरडता मात्र येत नव्हते.

जेवणाची सुट्टी झाली, यंत्रे थांबली. मामा आले आणि त्यांनी मला मुठीला धरून ओढून काढले. माझ्यावरचा थर पाहून त्यांनी तोंड वाकडे केले आणि तो झाडण्यासाठी मला टेबलाच्या कडेवर आपटायला हात उचलला. त्या एका आपट्यात सगळे संपले असते. तारा उडून फरशीवर पडल्या असत्या, झाडूने कचऱ्यात गेल्या असत्या, आणि कोणाला कधीच काही कळले नसते.

"अहो मामा, आपटताय काय त्याला!" पलीकडून मावशी ओरडल्या. "एवढी वर्षं राबलाय तो. भंगारात घालायचाय ना, मग निदान पुसून तरी घाला. आणा इकडं."

मामांनी हसून मला त्यांच्या हातात दिले. मावशींनी पांढरे फडके काढले आणि माझ्यावरून पुढून एकदा फिरवले. मग सवयीने खिडकीशी नेऊन उजेडात धरले. "काय हवालदार, जाता जाता किती..." आणि त्या थांबल्या.

"मामा, हा खिळा नव्हे. ही कसली तार?"

मामांनी ती चिमटीत घेतली. मग मान वर करून चाळणीकडे पाहिले. टॉर्च आणली. चाळणीच्या मधोमध बोट जाईल एवढे भोक होते. मावशींच्या हातातून मी टेबलावर ठेवला गेलो, पाठीवर, उताणा. पुसायची राहिलेली माझी पाठ टेबलाला टेकली, आणि पाठीखाली ती दुसरी तार.

मामांनी ताईला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून ते बोलू लागले.

"पोरी, पाकीट फोडलंस का?"

"आबांनी फोडलं ना. आत्ताच भाजीत घातलं. का हो?"

"जेवायला बसलात?"

"बारकी बसलीय. मी हात धुतेय. मामा, काय झालं?"

"ताट काढ तिच्यापुढनं! आधी ताट काढ!"

फोनमधून भांडे पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. खोलीतली सगळी माणसे फोनभोवती गोळा झाली. मग बारकीने भोकाड पसरले.

"रडतेय," मावशी म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "रडतेय म्हणजे घशात काही नाही."

पण ताईचा आवाज पुन्हा आला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. "मामा, तिनं एक घास खाल्लाय. गिळलाय तिनं."

पुढची दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. गाडी अर्ध्या रस्त्यातून परत बोलावली. आबा बारकीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, पोटाचा फोटो काढू, पण इतकी बारीक तार फोटोत दिसेलच असे नाही. पोटात दुखायला लागले तर मात्र तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे लागेल. ताई भाजीचे पातेले तसेच घेऊन कारखान्यात आली. तिने सगळ्यांसमोर बाही सारली आणि भाजी बोटांनी चाळली. त्यात एक तार सापडली. ताईने ती हातात धरली आणि ती रडू लागली. कामगारांनी आपल्या मालकिणीला रडताना कधी पाहिले नव्हते.

"मीच त्या घंटेवाल्याचा कान पिळला," मामा म्हणाले. "आणि वर हसलो."

"मामा, ते मागाहून," ताई डोळे पुसत म्हणाली. "आधी तारा शोधा. सगळ्या."

खोलीभर पांढरी कापडे अंथरली. गाडीतली खोकी उतरवली, पाकिटे कापली, तिखट मुठीमुठीने हाताने चाळले. सगळ्यांचे डोळे लाल, नाके वाहत होती, पण एकही जण उठला नाही. मामांनी फाटकी चाळणी काढून माझ्या शेजारीच टेबलावर पसरली आणि सापडलेला प्रत्येक तुकडा भोकात जिथे बसेल तिथे मांडायला घेतला. माझ्या पोटावरची तार तिच्या जागी बसली. पातेल्यातली बसली. यंत्राच्या तळातल्या, पाकिटांतल्या, एकेक करून सगळ्या बसल्या. भोक बुजत आले. आणि शेवटी एका तारेची जागा मोकळी राहिली.

सगळी पाकिटे कापून झाली होती. सगळे तिखट चाळून झाले होते. ती एक तार कुठेच नव्हती.

सगळ्यांच्या मनात एकच विचार होता. तो एक घास! ताई त्या मोकळ्या जागेकडे टक लावून पाहत होती, आणि मित्रांनो, ती तार तिच्या हाताच्या अंतरावर माझ्या पाठीखाली होती! मला सांगता येत नव्हते. मला फक्त धरता येते. मी धरून ठेवले होते. पण स्टेनलेसवरची माझी पकड ती किती? मामांनी चाळणी सरकवताना कोपराने मला ढकलले, तेव्हा तार हलली. कोणीतरी टेबल पुसायला ओले फडके आणले, तेव्हा माझी बोबडीच वळली. ती पडली असती आणि फडक्याबरोबर मोरीत गेली असती, तर ताईने पुढचे कितीतरी दिवस आपल्या मुलीचे पोट चाचपत काढले असते.

आबांचा फोन आला. फोटोत काही दिसत नाही, पण डॉक्टर खात्री देत नाहीत. बारकी म्हणते पोट दुखतंय. खरंच दुखतंय की घाबरून म्हणते, कळत नाही.

ताई उठली. "मी जाते तिच्याकडं. मामा, उद्या येणाऱ्यांना कळवा, येऊ नका म्हणावं. का ते पण सांगा. आणि ती तार सापडेपर्यंत इथून एक पाकीट हलणार नाही."

माणसे उठून हात धुवायला गेली. पाणी लागल्यावर तिखटाने हात आणखी पेटले, पण तक्रार करण्याचे त्राण कोणात नव्हते. मावशींनीही हात धुतले, जेवणाचा डबा उचलला. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हते. झाकण उघडले आणि मध्येच थांबल्या. चुकल्यासारखे त्यांनी इकडेतिकडे पाहिले, मग टेबलाकडे.

"थांब गं," त्या आपल्याशीच म्हणाल्या. "जेवायला बसतेय खरी, पण याची पाठ कुठं पुसली मी?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मला मुठीला धरून हळूच उचलले, अलगद उलटे केले आणि फडके मागून एकदा फिरवले. फडके खिडकीशी नेले.

फडक्यावर एक तार चमकत होती. मावशी नुसत्या 'ताई, ताई' करत दाराकडे धावल्या. ताईने चपलांत पाय घातले होते. तशीच मागे आली. मामांनी ती तार मोकळ्या जागेवर ठेवली. ती बसली. ताईने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि मग फोन उचलला.

"आबा, सापडली. तिच्या पोटात काही नाही. तिला जेवायला द्या काहीतरी, उपाशी आहे ती."

मित्रांनो, मला भंगारात घातले नाही. मामांनी घंटेवाल्याला उचलून चंदेरी पाकिटांच्या आधी, माझ्या नळाखालीच बसवले, आणि त्याचा पिळलेला कान सरळ केला. आता तो खरोखर काही सापडले तरच ओरडतो. गाडी पुन्हा घरच्या फोनची वाट पाहू लागली. तो व्यापारी आला, पण ठरल्यापेक्षा बराच उशिरा, आणि माझी लाकडी मूठ पाहून हसलाही. ताईने त्याला हसू दिले. मग पांढरे फडके मागवून तिने मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "पुसून बघा."

भीती माझी अजून गेलेली नाही. चाळणी थरथरली की मी थरथरतोच, आणि माझी ओढ दरवर्षी थोडी कमी होते आहे, हे मला एकट्यालाच माहीत आहे. म्हणून एक विनवणी करतो. माझ्यासारखे कोणी तुमच्यासाठी गुपचूप काही धरून बसले असेल, तर त्याला रोज पुसा. आणि एक चूक सापडली म्हणून हात थांबवू नका. त्याला अलगद उलटे करा, आणि मागूनही एकदा पुसा.